दुसऱ्याच्या नावावरचं डोमेन विकत घेताय? पैसे एस्क्रोतनंच फिरवा, आणि एस्क्रो खरा आहे का ते आधी बघा

उद्यमबागेत कास्टिंगचं युनिट असू दे, शहापुरात साड्यांचं दुकान असू दे नाहीतर निपाणीत मसाल्याचा धंदा असू दे, वेबसाइट काढायची म्हटली की पहिल्याच दिवशी कळतं की आपल्याला हवं ते डॉट कॉम, म्हणजे वेबसाइटचं नाव किंवा डोमेन, कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय, आणि उघडून बघितलं तर एकच ओळ, हे नाव विकायला आहे, ऑफर द्या. आपल्याकडं त्यात आणखी एक भानगड आहे, २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं तेव्हापासून इंग्रजी स्पेलिंग दोन झाली, जुन्या स्पेलिंगची चांगली नावं जुन्या लोकांनी घेतलेली आणि नव्या स्पेलिंगची ज्यांना त्यात पैसा दिसला त्यांनी. त्यामुळं कुंदा विकणाऱ्यानं गावाचं नाव घालून डोमेन घ्यायचं म्हटलं तर दोन वेगळ्या मालकांशी बोलायची वेळ येते.

आता हे घ्यायचं कसं? समोरचा माणूस कुठं आहे माहीत नाही, कदाचित पुण्यात, कदाचित दुसऱ्या देशात, तो म्हणतो आधी पैसे टाका मग नाव देतो, आपण म्हणतो आधी नाव द्या मग पैसे टाकतो, आणि दोघांचंही बरोबरच असतं. यासाठीच एस्क्रो आहे. पैसे आधी मधल्या कंपनीकडं जातात, ती विकणाऱ्याला कळवते की पैसे आलेत, आता नाव सोड, नाव तुमच्या अकाउंटला येतं, तुम्ही बघून हो म्हणता आणि मगच पैसे त्याला मिळतात. एवढंच तिचं काम. ते नाव चोरीचं आहे का, त्यावर कुणाचा ट्रेडमार्क आहे का, आधी त्यावर घाणेरडी साइट चालत होती का, हे ती तुमच्यासाठी शोधत बसत नाही. ते तुम्हालाच बघायला लागतं, आणि तेही पैसे पाठवायच्या आधी.

आधी नावाचा उतारा काढा

जागा घेताना आपण उतारा बघतो, ईसी (बोजाचा दाखला) काढतो, मग ॲडव्हान्स देतो, तसंच इथंही. डोमेनचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेची लुकअप साइट फुकट आहे, तिथं नाव टाकलं की नोंद निघते. पूर्वी याला हूइज म्हणायचे, २०२५ च्या जानेवारीपासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी आरडॅप ही नवी पद्धत अधिकृत झाली, पण लोक अजून हूइजच म्हणतात. २०१८ साली युरोपचा प्रायव्हसीचा कायदा आला तेव्हापासून बहुतेक ठिकाणी मालकाचं नाव, फोन झाकलेलं असतं, त्यामुळं मालक कोण ते तिथं दिसेलच असं नाही, पण बाकीचं जे दिसतं ते फार कामाचं असतं.

ते पान एकदा सावकाश वाचा. कुठल्या रजिस्ट्रारकडं, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडं, आहे, पहिल्यांदा कधी नोंदलं, संपतं कधी, शेवटचा बदल कधी झाला, आणि खाली स्टेटस. स्टेटसमध्ये क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड लिहिलेलं असलं तर घाबरायचं कारण नाही, ते साधं कुलूप आहे, मालक आपल्या अकाउंटमधनं काढू शकतो. पण क्लायंट होल्ड किंवा सर्व्हर होल्ड दिसलं तर नाव बंद पाडलेलं आहे, कारण विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. रिडेम्प्शन पिरियड दिसलं तर नावाची मुदत संपून ते रद्द व्हायच्या रांगेत लागलंय, त्यानंतरचे ३० दिवस फक्त जुना मालक जादा पैसे भरून ते सोडवू शकतो. पेंडिंग डिलीट असलं तर ५ दिवसांत ते सुटणार, मग ते विकायला कोण बसलाय त्याला एक रुपयाही देऊ नका, त्याच्या हातात काही नाही. आणि सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड असलं तर कुलूप रजिस्ट्रीनं, म्हणजे त्या शेपटीच्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या कंपनीनं, लावलंय, कधी मालकानं जादा सुरक्षेसाठी विकत घेतलेलं असतं, कधी भांडण चालू असतं, विचारून लेखी उत्तर घ्या.

तारखा पण बघा. नाव नवीन नोंदलेलं असलं किंवा नुकतंच एका रजिस्ट्रारकडनं दुसऱ्याकडं गेलेलं असलं तर साधारण ६० दिवस ते परत दुसरीकडं हलवता येत नाही, मालकाचं नाव बदललं तरी बऱ्याच रजिस्ट्रारकडं तेवढंच कुलूप पडतं. आणि एखादं पंधरा-वीस वर्षं जुनं नाव, एवढी वर्षं एकाच ठिकाणी शांत पडून होतं, ते परवाच दुसऱ्या रजिस्ट्रारकडं गेलंय आणि विकणारा अर्ध्या किमतीत द्यायला बसलाय, असं असेल तर मला तिथं लगेच शंका येते. चोरलेली नावं अशीच विकतात, मालकाचं ईमेल हॅक करून नाव हलवायचं आणि त्याला कळायच्या आत खपवायचं. मूळ मालक नंतर उभा राहिला तर नाव जातं आणि एस्क्रोतनं सुटलेले पैसे परत येत नाहीत.

म्हणून वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणारी साइट) जाऊन त्या नावावर गेल्या काही वर्षांत काय होतं ते बघा. जुन्या पानावर एखाद्या खऱ्या कंपनीचा फोन नंबर दिसला तर सरळ फोन लावा, म्हणा की तुमचं हे नाव विकायला निघालंय ते तुम्हीच काढलंय ना. दोन मिनिटांचं काम आहे, यानं मोठं नुकसान टळतं. तिथं जुगार, नकली औषधं, असलं काही दिसलं तर ते नाव ईमेलच्या ब्लॅकलिस्टमध्ये असू शकतं, स्पॅमहॉसवर फुकट तपासता येतं, नाहीतर पुढं तुमची कोटेशनची मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील आणि महिनोन्‌महिने कळणार नाही ऑर्डर का येईनात.

नाव खरंच त्याच्याच हातात आहे का हे तपासायची माझी आवडती पद्धत सोपी आहे. त्याला एक ओळ कळवा, काहीही, म्हणजे "खानापूर ४१७" असलं काहीतरी, इंग्रजी अक्षरांत, आणि म्हणा हे या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावाच्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाका. ज्याच्याकडं अकाउंट आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम. नुसता दलाल असेल, मालकाशी बोलणंच झालेलं नसेल, तर तो इथंच अडकतो आणि कारणं सांगायला लागतो. चोराच्या हातातही अकाउंट असतं हे खरं, म्हणून वरची तारखांची तपासणी यासोबतच करायची, एकावर भागत नाही.

ट्रेडमार्कचं पण बघून घ्या. २००४ साली सुप्रीम कोर्टानं सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलंय की डोमेन नावाला पण व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं. म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव तुम्ही पैसे मोजून घेतलं तरी तो तक्रार करून काढून घेऊ शकतो, तक्रारीची पद्धत डॉट कॉमला यूडीआरपी आणि डॉट इनला, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सीची, आयएनडीआरपी. उलटंही होतं, तुमचाच रजिस्टर केलेला ब्रँड कुणी मुद्दाम अडवून बसला असेल तर विकत घ्यायच्या आधी वकिलाला विचारा. वायपो या बौद्धिक संपदेच्या जागतिक संस्थेकडं एका पंचाची तक्रार १५०० डॉलर फीमध्ये होते, वकिलाची फी वेगळी, आणि विकणारा ५००० डॉलर मागत असेल तर हिशोब करून बघायला हरकत नाही.

बोलणी

पहिली मेल छोटी लिहा, कंपनीच्या आयडीवरनं नको, साध्या मेलवरनं, हे नाव विकायला आहे का आणि किंमत काय एवढंच. आमची तीन पिढ्यांची पेढी आहे, एक्सपोर्ट आहे, असलं सांगत बसू नका, किंमत तिथंच वाढते. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी परत एक मेल. किंमत ठरली की लगेच एका मेलमध्ये सगळं लिहून घ्या, नाव कुठलं, रक्कम किती, कुठल्या चलनात, एस्क्रो कुठला, त्याची फी कोण भरणार, नाव पुश करणार की ट्रान्सफर.

पुश म्हणजे तुम्ही पण त्याच रजिस्ट्रारकडं अकाउंट काढायचं आणि तो आपल्या अकाउंटमधनं तुमच्या अकाउंटला सरकवणार, बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. ट्रान्सफर म्हणजे दुसऱ्या रजिस्ट्रारकडं नेणं, त्यासाठी विकणारा ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, देतो, आणि ५-७ दिवस लागू शकतात, पण डॉट कॉमला त्यात एक वर्षाची मुदत वाढते. मला विचाराल तर आधी पुश घ्या, नाव हातात येऊ दे, दुसरीकडं न्यायचं असेल तर कुलपाची मुदत संपल्यावर सावकाश न्या.

आणि डॉट कॉम सोडून नवीन शेपटीचं नाव घेत असाल तर दरवर्षीची रिन्यूअल किती ते रजिस्ट्रारकडं बघा, काही नावं प्रीमियम असतात आणि दरवर्षी तेवढेच दणकून पैसे मागतात.

खोटा एस्क्रो, इथंच सगळे फसतात

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आमच्या ओळखीतले शहापूरचे एक अण्णा, साड्यांचं दुकान, त्यांना त्यांच्याच दुकानाच्या नावाचं डॉट कॉम हवं होतं. विकणारा अगदी गोड बोलणारा, किंमत पण रास्त, आणि वर स्वतःच म्हणाला एस्क्रोतनं करू, तुम्हाला पण भरवसा मला पण भरवसा. पैसे भरायच्या आधी त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

"अण्णा, ही लिंक कुठनं आली?"

"तोच पाठवलाय की. एस्क्रोची कंपनी हाय म्हणे, पैसे तिथंच राहतात."

साइट बघायला एक नंबर होती, कुलपाचं चिन्ह, चॅटवर माणूस, ग्राहकांचे अभिप्राय. मग त्या साइटचंच नाव आम्ही लुकअपला टाकलं तर ती नोंदून महिना पण झाला नव्हता, आणि वर पानावर लिहिलेलं की वीस वर्षांचा अनुभव. पैसे भरायला जे बँक खातं दिलं होतं ते एका खासगी माणसाच्या नावाचं. अण्णा थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग त्यांनी विकणाऱ्याला मेसेज टाकला की आम्ही आम्हाला माहीत असलेल्या एस्क्रोतनंच करणार, आणि त्यानंतर त्या माणसाचं उत्तर आलंच नाही.

एस्क्रो कुठला ते तुम्ही ठरवा, आणि त्याचा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप करा. विकणाऱ्याच्या मेलमधली, व्हॉट्सॲपमधली लिंक उघडायचीच नाही. एस्क्रो डॉट कॉम ही कंपनी १९९९ पासून आहे, २०१५ पासून फ्रीलान्सर या कंपनीच्या मालकीची, कॅलिफोर्नियात तिच्याकडं एस्क्रोचं लायसन्स आहे, आणि म्हणूनच तिच्या नावाच्या नकला सगळ्यात जास्त निघतात. नावाच्या आधी-मागं एक शब्द जोडतात, मध्ये डॅश टाकतात, शेवटी डॉट कॉमच्या जागी दुसरंच काहीतरी, मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर पटकन कळत नाही. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी असं अजिबात नाही, ते चिन्ह खोट्या साइटला पण फुकट मिळतं. सेडो आणि आफ्टरनिकसारख्या डोमेनच्या बाजारात नाव लावलेलं असेल तर तिथं पैसे त्यांच्यामार्फतच फिरतात, वेगळा एस्क्रो लागत नाही, पण तिथंही साइट स्वतः उघडायची आणि नाव तिथं आतून शोधायचं.

यूपीआयवर टाका, क्रिप्टोत द्या, या माणसाच्या खात्यावर भरा, गिफ्ट कार्ड घ्या, यातलं काहीही कानावर आलं की तिथंच थांबायचं. आणि अर्धं आत्ता थेट द्या, अर्धं एस्क्रोत, हे पण नाही. पैसे मिळाले अशी एस्क्रोकडनं मेल आली तरी मेलवर विश्वास ठेवू नका, साइटवर स्वतः लॉगिन करून आत काय लिहिलंय ते बघा, कारण मेल कुणीही कुणाच्याही नावानं पाठवतं.

पैसे कसे जातात

एस्क्रोवर अकाउंट काढताना ओळखपत्र मागतात, पासपोर्ट असला तर सोपं पडतं. अकाउंट ज्याच्या नावावर त्याच्याच बँक खात्यातनं पैसे जाऊ देत, मुलाच्या नावावर अकाउंट आणि पैसे वडिलांच्या फर्ममधनं असं केलं की अडकतं. व्यवहार तयार करताना वरच्या मेलमधल्या अटी जशाच्या तशा टाका आणि तपासणीची मुदत मागा. ही मुदत फार महत्त्वाची, कारण नाव आल्यावर तुम्ही त्या मुदतीत काहीच बोलला नाही तर मान्य आहे असं धरून पैसे सोडले जातात. गणपतीत, दिवाळीत, गावाला जायच्या आधी व्यवहार चालू करू नका, मुदत निघून जाते आणि तुम्ही बस स्टँडवर असता.

एस्क्रो डॉट कॉमवर पैसे डॉलर, युरो असल्या चलनात भरायला लागतात. छोट्या रकमेला कार्ड चालतं, पण आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी ॲपमधनं चालू करायला लागतात, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर ते बंदच येतात. मोठ्या रकमेला बँकेतनं वायर, म्हणजे परदेशी खात्यावर ट्रान्सफर. इथं आपल्या लोकांची अडचण अशी की खातं असतं सोसायटीत नाहीतर गावातल्या छोट्या सहकारी बँकेत, तिथनं हे होत नाही, परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते. बेळगावात मोठ्या बँकेच्या मुख्य शाखेत जा, चिक्कोडी-खानापूरच्या शाखेतला माणूस पण तुम्हाला तिकडंच पाठवायची शक्यता जास्त. ए टू फॉर्म भरायला लागतो, कशासाठी पैसे चाललेत त्याचा कोड असतो, एस्क्रोच्या व्यवहाराची प्रिंट सोबत न्या. आणि फॉर्मवर बँक चार्जेस कुणाचे असं विचारलेलं असतं तिथं सगळे माझ्याकडं असं लिहा, नाहीतर मधली बँक आपले डॉलर कापून घेते, पलीकडं रक्कम कमी पोचते आणि एस्क्रो म्हणतं पैसे पूर्ण आले नाहीत. व्यवहाराचा नंबर रेफरन्समध्ये घालायला विसरू नका.

बाहेरच्या विक्रेत्याला पैसे जाताना टीडीएस आणि जीएसटीच्या रिव्हर्स चार्जचा प्रश्न येतो, फर्मच्या नावावर घेत असाल तर पैसे पाठवायच्या आधी सीएला विचारा, आणि विकणाऱ्याकडनं बिल घ्या.

विकणारा आपल्याच भागातला असेल, समजा ज्या पोरानं पूर्वी साइट बनवली त्यानंच नाव स्वतःच्या अकाउंटवर घेऊन ठेवलंय, हे आपल्याकडं फार होतं, तर डॉलरच्या एस्क्रोत पडायची गरज नाही. त्याला दुकानात बोलवा, एका टेबलावर दोन लॅपटॉप, कागदावर करार, त्यानं पुश केलं, तुम्ही स्वीकारलं, तुमच्या अकाउंटमध्ये दिसलं, की तिथंच चेक नाहीतर आयएमपीएस. रोख नको, कागद राहिला पाहिजे.

हो म्हणायच्या आधी

नाव आलं अशी मेल येईल. आपल्या रजिस्ट्रारच्या अकाउंटमध्ये लॉगिन करा, यादीत नाव आहे का, मालकाच्या जागी तुमचं किंवा फर्मचं नाव आहे का, संपर्काचं ईमेल तुमचं आहे का, नेमसर्व्हर (नाव कुठल्या सर्व्हरकडं वळतं ती नोंद) तुम्हाला बदलता येतात का, एकदा बदलून बघाच. बाहेरनं परत लुकअप करा आणि तारीख, रजिस्ट्रार जुळतंय का बघा. ऑथ कोड मिळाला म्हणजे नाव मिळालं असं नाही, ट्रान्सफर पुरी व्हायच्या आधी विकणारा घाई करत असेल, की मला पैशांची गरज आहे, तुम्ही हो म्हणून टाका, तर शांतपणे सांगा नाव आलं की लगेच म्हणतो. काही चुकत असेल तर मुदतीच्या आतच एस्क्रोवर नाकारा आणि कारण लिहा.

कुठं पैसे खोट्या ठिकाणी गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता आलं तर पैसे वाचायची आशा असते. कर्नाटकात अशा गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक, अमली पदार्थ) पोलीस स्टेशनं आहेत, तिथं जाताना मेल, स्क्रीनशॉट, बँकेचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर प्रिंट काढून न्या. हद्दीच्या पलीकडचं, कागल-चंदगडचं गाव असेल तर महाराष्ट्र पोलिसांकडं, पण १९३० दोन्हीकडं तोच.

नाव हातात आलं की त्याच दिवशी कुलूप लावा, टू फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड) चालू करा, ऑटो रिन्यू चालू करा. मालक बदलल्यावर रजिस्ट्रारकडनं ईमेल पडताळणीची लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर नाव बंद पडू शकतं, आणि ती मेल बऱ्याच वेळा स्पॅममध्ये जाऊन पडते, शोधून काढा. आणि रजिस्ट्रारच्या अकाउंटला जे ईमेल देता ते त्याच नव्या डोमेनवरचं देऊ नका, वेगळं द्या, कारण कधी रिन्यूअल चुकलं आणि नाव बंद पडलं तर ते ईमेल पण बंद पडणार आणि पासवर्डची लिंक यायला जागाच राहणार नाही.